सुवर्णकण, सूर्यकिरण आणि एक चुकलेला मथळा

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त एका नगरातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



१९२८ साली आजच्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, कोलकात्याच्या एका साध्या प्रयोगशाळेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या हाती जो शोध आला, तो आज ‘रामन परिणाम’ या नावाने जगन्मान्य आहे. त्याच्या स्मरणार्थ १९८७ पासून आपण हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. अशा दिवशी या व्यासपीठावर एखादा शास्त्रज्ञ उभा असायला हवा होता. मी कला शाखेचा पदवीधर. वाङ्मय हा माझा अभ्यासाचा विषय आणि वृत्तपत्र हा व्यवसाय. तरीही आयोजकांचे निमंत्रण मी स्वीकारले, कारण विज्ञानाच्या बाबतीत मला एक कबुली द्यायची आहे आणि ती देण्यासाठी आजच्याहून योग्य दिवस नाही.

२००८ सालची गोष्ट. भारनियमनाचे दिवस होते. गावोगावी वीज जाण्याच्या वेळा लोकांना तोंडपाठ झाल्या होत्या. एका दैनिकात मी रात्रपाळीचा उपसंपादक होतो. एके रात्री परदेशी वृत्ताचा एक छोटा तुकडा हाती आला. अमेरिकेतील संशोधकांनी प्लास्टिकच्या सौरघटात चांदीचे अतिसूक्ष्म कण घातले आणि त्याची कार्यक्षमता सुमारे सत्तर टक्क्यांनी वाढली, असा त्याचा आशय होता. मी मथळा दिला, ‘सौरविजेत सत्तर टक्क्यांची वाढ : चांदीच्या कणांची किमया’. आणि बातमीच्या शेवटी एक वाक्य जोडले, ‘लवकरच स्वस्त प्लास्टिकचे सौरपत्रे बाजारात उपलब्ध होतील.’ हे शेवटचे वाक्य मूळ वृत्तात नव्हते. ते माझे होते.

पाच वर्षांनी एक गृहस्थ मला भेटायला आले. एका आडगावच्या माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक. पिशवीतून त्यांनी एक फाईल काढली. तीत माझ्या बातमीचे पिवळे पडलेले कात्रण होते. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी संगणक-कक्षासाठी सौरसंच बसवायला निधी जमवला होता. शिक्षण संस्थेच्या सभेत सरांनी हे कात्रण दाखवले आणि ‘थोडे थांबू, स्वस्त पत्रे येत आहेत’ असे ठरले. सर शांतपणे म्हणाले, “साहेब, थांबल्यामुळे आमचे पैसे वाचले, हे मी नाकारत नाही. मधल्या काळात नेहमीचे सौरसंचही स्वस्त झाले. पण दहावीच्या पाच तुकड्या बंद संगणकांसमोर बसून बाहेर पडल्या. मला एवढेच सांगा, तुमचे ते सत्तर टक्के म्हणजे कितीवरून किती?”

मला उत्तर देता आले नाही. ते शोधण्यासाठी पुढे जे काही वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

सोने जेव्हा लाल दिसते

प्रारंभ आपल्या सर्वांच्या परिचयाच्या वस्तूपासून करू. कोविडच्या काळात अनेकांनी घरच्या घरी चाचणी केली असेल. त्या पट्टीवर उमटणारी लाल रेघ आठवा. त्यातल्या पुष्कळशा पट्ट्यांमध्ये ती लाली कोणत्याही रंगाची नसते, ती सोन्याची असते. सोन्याचे कण काही दशक नॅनोमीटर इतके लहान केले की ते पिवळे दिसेनासे होतात आणि माणकासारखे लाल दिसू लागतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

हे नवल जुने आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातील एक रोमन काचपात्र आहे. लायकर्गस चषक या नावाने ते ओळखले जाते. बाहेरून प्रकाश पडला तर ते हिरवे दिसते आणि आत दिवा ठेवला तर लालबुंद. त्याच्या काचेत सोन्या-चांदीचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले आहेत. ते घडवणाऱ्या कारागिराला परिणाम साधला होता, कारण मात्र ठाऊक असणे शक्य नव्हते. हाताला साधलेले आणि बुद्धीला उमगलेले यांत अंतर असते आणि ते अंतर भरून काढण्याचे काम विज्ञान करते.

त्या दिशेने पहिले मोठे पाऊल मायकेल फॅरडे यांनी टाकले. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा हा मुलगा पुढे जगातील श्रेष्ठ प्रयोगकर्ता झाला. १८५७ साली सोने आणि प्रकाश यांच्या नात्यावर त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे व्याख्यान दिले. सोन्याच्या क्षारापासून त्यांनी लाल द्रव तयार केला होता आणि त्याची लाली सोन्याच्याच अतिसूक्ष्म कणांमुळे आहे, असे अनुमान काढले होते. त्यांच्या त्या द्रवाच्या काही बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवल्या आहेत. १९०८ मध्ये गुस्टाफ मी या जर्मन पदार्थवैज्ञानिकाने या रंगांचे गणित मांडले.

त्या गणितातला अर्थ साध्या शब्दांत असा. धातूमध्ये असंख्य इलेक्ट्रॉन मोकळे असतात. प्रकाश ही विद्युत-चुंबकीय लाट असल्यामुळे ती या इलेक्ट्रॉनांना पुढे-मागे हलवते. धातूचा कण पुरेसा लहान असला की त्यातले सारे इलेक्ट्रॉन एकदम, एका लयीत डोलू लागतात. या सामुदायिक डोलण्याला ‘प्लाझ्मॉन’ म्हणतात. नागपंचमीचा झोका आठवा. झोक्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत हलका धक्का दिला तरी झोका उंच जातो आणि लय चुकली तर कितीही जोर लावून उपयोग होत नाही. सोन्याच्या कणाची लय हिरव्या प्रकाशाशी जुळते. तो हिरवा प्रकाश पकडतो, म्हणून आरपार येणारा उजेड लाल दिसतो. चांदीची लय साधारणपणे जांभळ्या-निळ्याकडे झुकते. कणाचा आकार आणि घाट बदलला की लयही बदलते.

आणि झोका उंच गेला की कणाच्या अगदी लगत, काही नॅनोमीटरच्या परिसरात, प्रकाशाचे विद्युतक्षेत्र अनेक पटींनी तीव्र होते. आजच्या दिवसाशी याचे थेट नाते आहे. रामन परिणाम मुळात फार क्षीण. १९७४ मध्ये इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे, खडबडीत केलेल्या चांदीच्या पृष्ठभागावर चिकटलेल्या रेणूंकडून हाच परिणाम अनपेक्षितपणे प्रबळ मिळाला. १९७७ मध्ये हिशेब झाला तेव्हा ही वृद्धी लाखो पटींची असल्याचे दिसून आले. मुख्य कारण हेच, चांदीच्या खडबडीत पृष्ठभागावरचे प्लाझ्मॉन.

प्रकाश अडवा, प्रकाश जिरवा

आता सौरघटाकडे वळू. आपल्या छपरांवर दिसणारे पत्रे सिलिकॉनचे असतात. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत पहिला व्यवहार्य सिलिकॉन सौरघट तयार झाला, त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. म्हणजे पडलेल्या शंभर भाग सौरऊर्जेपैकी सहा भागांची वीज. सिलिकॉन शुद्ध करायचे तर ते चौदाशे अंश सेल्सिअसच्या वर वितळवावे लागते. याउलट वीज वाहून नेणारी काही प्लास्टिके आहेत. त्यांच्या शोधासाठी अॅलन हीगर, अॅलन मॅकडायरमिड आणि हिदेकी शिराकावा यांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही द्रव्ये शाईप्रमाणे विरघळवून, वर्तमानपत्र छापावे तशी पातळ पडद्यावर छापता येतात. कार्बनी रेणूंपासून बनलेल्या अशा घटांना सेंद्रिय सौरघट म्हणतात. १९८६ मध्ये कोडॅक कंपनीच्या चिंग तांग यांनी दोन थरांचा सेंद्रिय घट सादर केला, तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे १ टक्का होती.

ती इतकी कमी का? सिलिकॉनमध्ये प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन सुटा होतो. सेंद्रिय द्रव्यात तसे होत नाही. तिथे इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा यांची जोडी एकमेकांना धरून राहते. ही जोडी सुमारे दहा नॅनोमीटर चालते आणि विझते. तेवढ्या अंतरात तिला दुसऱ्या द्रव्याची सीमा भेटली तरच जोडी फुटते आणि वीज मिळते. १९९५ मध्ये हीगर यांच्या गटाने दोन्ही द्रव्यांचे घनिष्ठ मिश्रण करून सीमा सर्वत्र पसरवली आणि मोठा अडसर दूर केला. दुसरा अडसर मात्र उरला. सुटे झालेले विद्युतभार या द्रव्यातून रखडत चालतात. थर जाड केला तर ते वाटेतच हरवतात. म्हणून थर शंभर-दोनशे नॅनोमीटरचाच ठेवावा लागतो, माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम हजारावा भाग. आणि थर इतका पातळ ठेवला की पुष्कळसा प्रकाश न शोषला जाताच निघून जातो.

ही अडचण आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला समजावून सांगावी लागणार नाही. उतारावरच्या मुरमाड जमिनीत मातीचा थर पातळ असतो. पाऊस पडतो आणि वाहून जातो. माती वाढवता येत नसेल तर काय करायचे? बांध घालायचे. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा महाराष्ट्राने घरोघर पोहोचवली. सौरघटातल्या धातुकणांमागचा विचार नेमका हाच आहे, प्रकाश अडवा आणि प्रकाश जिरवा.

हे कण दोन प्रकारे काम करतात. मोठे कण, साधारण पन्नास नॅनोमीटरच्या पुढचे, प्रकाश आडवा विखुरतात. सरळ निघून जाणाऱ्या किरणाची थरातली वाट त्यामुळे लांबते. लहान कण प्रकाशाची तीव्रता आपल्या भोवती एकवटतात आणि तिथले सेंद्रिय रेणू अधिक प्रकाश शोषतात. हॅरी अॅटवॉटर आणि अल्बर्ट पोलमन यांनी २०१० साली या साऱ्या विचारांची मांडणी करणारा लेख लिहिला आणि जगभरच्या प्रयोगशाळा या विषयाकडे वळल्या.

कितीवरून किती?

आता सरांच्या प्रश्नाचे उत्तर. २००८ च्या ज्या संशोधनाला मी मथळा दिला, त्यात चांदीच्या कणांच्या थरामुळे कार्यक्षमता १.३ टक्क्यांवरून २.२ टक्क्यांवर गेली होती. गणित चुकीचे नव्हते. १.३ मध्ये ०.९ मिळवले तर वाढ सुमारे सत्तर टक्के होते. परंतु त्या वेळी बाजारात मिळणारे सिलिकॉनचे पत्रे तेरा-चौदा टक्क्यांच्या आसपास होते. कण घालूनही हा घट त्यांच्या सहाव्या हिश्शाइतकाच होता. माझा मथळा खरा होता आणि त्याने वाचकाच्या मनात उभे केलेले चित्र खोटे होते. पत्रकारितेतली ही सर्वांत धोकादायक चूक, कारण तिला खुलासा छापावा लागत नाही.

आणखी दोन आकडे पाहा. २०११ मध्ये तैवानमधील संशोधकांनी घटाच्या एका संवाहक थरात सोन्याचे कण मिसळले. कार्यक्षमता ३.५७ वरून ४.२४ टक्क्यांवर गेली, म्हणजे सुमारे एकोणीस टक्क्यांची वाढ. त्याच वर्षी हीगर यांच्या सहभागाने झालेल्या एका संशोधनात चांदीच्या कणसमूहांमुळे ६.३ टक्के कार्यक्षमतेचा घट ७.१ पर्यंत पोहोचला, म्हणजे सुमारे तेरा टक्क्यांची वाढ. सत्तर, एकोणीस, तेरा. द्रव्ये आणि घट वेगळे असल्याने तीन आकड्यांवरून नियम सिद्ध होत नाही, हे मान्य. परंतु त्यांतून सुचणारी गोष्ट व्यवहाराला धरून आहे. मूळचा घट जेवढा दुबळा, तेवढी कोणतीही मदत मोठी दिसते. जो घट स्वतःच बहुतेक प्रकाश शोषतो, त्याला बांधाची गरज कमी.

दुसरी अडचण अशी की बांध स्वतःही पाणी पितो. धातूचा कण प्रकाशाचा काही भाग स्वतः शोषतो आणि त्याची उष्णता होते. कण जितका लहान, तितके हे प्रमाण अधिक. शिवाय वीज देऊ शकणारी इलेक्ट्रॉनची जोडी धातूला थेट भिडली तर तिथेच विझते. त्यासाठी कणांवर सिलिकाचे पातळ कवच चढवण्याचे प्रयोग झाले. पण कवच जाड झाले तर ज्या तीव्र क्षेत्रासाठी कण घातला, तेच बाहेर पोहोचत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वाधिक शिकवून गेली. २०११ मध्येच हाँगकाँग विद्यापीठातील संशोधकांनी तपासले की, संवाहक थरात घातलेल्या सुवर्णकणांचे श्रेय खरोखर प्लाझ्मॉनचे आहे का. त्यांना असे आढळले की कणांभोवतीचे तीव्र क्षेत्र बहुतांशी त्या थरातच आडवे पसरते आणि वीज निर्माण करणाऱ्या थरापर्यंत फारसे पोहोचत नाही. त्यांच्या घटातली सुधारणा मुख्यतः विद्युतभार अधिक सुलभतेने गोळा झाल्यामुळे होती. परिणाम खरा होता, पण सांगितले जाणारे कारण तिथे लागू पडत नव्हते. ज्या विषयाचा सर्वत्र बोलबाला चालू होता, त्यातच काम करणाऱ्यांनी तो उलटून पाहिला. विज्ञाननिष्ठा म्हणतात ती हीच.

मग सेंद्रिय सौरघट पुढे गेला कसा? प्रामुख्याने रसायनशास्त्रामुळे. २०१५ नंतर इलेक्ट्रॉन स्वीकारणारे नवे रेणू आले. २०१९ मध्ये चीनमधील संशोधकांनी ‘वाय-६’ नावाचा रेणू वापरून १५.७ टक्क्यांची कार्यक्षमता जाहीर केली. त्यानंतर प्रयोगशाळेतले छोटे घट २० टक्क्यांच्या आसपास पोहोचले आहेत. परंतु हे घट नखाएवढे किंवा त्याहूनही लहान असतात. मोठ्या पत्र्यावर कार्यक्षमता घटते आणि ऊन, हवा व ओलावा यांत तो किती वर्षे टिकेल, हा प्रश्न अजून सुटायचा आहे. हीगर यांचा संस्थापकांत समावेश असलेली कोनार्का ही कंपनी प्लास्टिकचे सौरपडदे विकू पाहत होती. २०१२ मध्ये तिचे दिवाळे वाजले. सिलिकॉन दरम्यान इतके स्वस्त झाले होते की नवागताला उभे राहायला जागाच उरली नाही. जानेवारी २०२५ मध्ये भारताची स्थापित सौरक्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली. ती प्रामुख्याने सिलिकॉनच्या बळावर उभी आहे.

व्यर्थ गेले काय?

मग हे सारे श्रम वाया गेले का? मला तसे वाटत नाही. वजनाने हलका, वाकणारा, खिडकीच्या काचेवर किंवा घरातल्या मंद उजेडात चालणारा घट हे सेंद्रिय द्रव्यांचे स्वतःचे क्षेत्र आहे आणि तिथे प्रकाश अडवण्याच्या युक्त्या अजून कामी येऊ शकतात. धातुकणांचे ज्ञान तर रोगनिदानाच्या पट्टीपासून विषारी द्रव्यांच्या तपासणीपर्यंत उपयोगी पडलेच आहे.

आपल्या पुण्याचे उदाहरण देतो. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण तयार करून दाखवले. त्यासाठी वापरला गवती चहाचा अर्क. सकाळच्या चहात आपण जी पात टाकतो, तीच. या त्रिकोणी कणांची लय डोळ्यांना न दिसणाऱ्या, लालपलीकडच्या अवरक्त प्रकाशाशी जुळते. या कामाची दखल जगाने घेतली. पण या कणांनी उद्या आपली छपरे झळाळतील, असा मथळा मी आता देणार नाही. गवती चहातून असा त्रिकोण साकारला, हेच मुळात सांगण्याजोगे आहे. त्याला माझ्या पदरच्या भविष्यवाणीची जोड नको.

मित्रहो, विज्ञानाच्या बातमीने हुरूप यावा, यात गैर काही नाही. पण घरात वर्तमानपत्र वाचताना, मुलांशी बोलताना तीन प्रश्न विचारण्याची सवय लावा. पहिला सरांचा, कितीवरून किती? दुसरा, केवढ्या तुकड्यावर? आणि तिसरा, किती दिवस टिकले? या तीन प्रश्नांना पदवी लागत नाही. माझ्यासारख्या कला शाखेच्या माणसालाही ते विचारता आले असते. त्या रात्री मी ते विचारले नाहीत.

आणि एक व्यावहारिक विनंती. ज्यांना आपल्या घरावर, शाळेवर, देवळाच्या सभामंडपावर सौरसंच बसवायचा आहे, त्यांनी उद्याच्या चमत्काराची वाट पाहत थांबू नये. आज जे मिळते ते पंचवीस वर्षे टिकण्याच्या हमीसह मिळते. प्रयोगशाळेत जे चालले आहे त्याचे कौतुक करावे आणि छपरावर जे सिद्ध झाले आहे ते बसवावे.

सरांच्या शाळेत सौरसंच बसला. उद्घाटनाला त्यांनी मला आग्रहाने बोलावले. कार्यक्रमात त्यांनी माझी ओळख ‘आपले पत्रकार मित्र’ अशी करून दिली, कात्रणाचा उल्लेखही केला नाही. समारंभ संपल्यावर संगणक-कक्षात गेलो. वीज गेलेली होती आणि दहावीची मुले काम करत होती. त्यातल्या एकीने वर पाहून विचारले, “सर, यात खरंच उन्हाची वीज आहे?” मी म्हटले, “आहे.” ती लगेच म्हणाली, “किती?”

त्या दिवशी मी आकडा पाठ करून गेलो होतो.